कुणाचंच पाणी न घेणारे साहेब

आमचे साहेब कुणाला ‘कसं काय’ असं कधी विचारत नसत. समोर परभणीतला मोठ्यात मोठा अडत्या येऊन उभा राहिला तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘मोरी तुंबली नाही ना?’ बायका दिसल्या की ‘पाणी कुठलं भरता?’ लग्नात अक्षता पडल्या की सगळं वऱ्हाड नवरानवरीकडे वळायचं आणि साहेब आचाऱ्याकडे. रांजणाचं झाकण उचलून आत डोकावायचे, नाक फेंदारायचे आणि संशय आला तर भरल्या पंगतीत मठ्ठ्याचं अख्खं पातेलं उकिरड्यावर ओतायला लावायचे. यजमान नुसता हात चोळत राहायचा. पुढच्या लग्नाला त्याच यजमानाचं आमंत्रण मात्र चुकायचं नाही, कारण बोलावलं नाही तर साहेब न बोलावता येत.

नगरपालिकेचे ते आरोग्याधिकारी. पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं नगरपालिकेला अजून बल्दियाच म्हणायची आणि साहेबांना सफाई दरोगा. पोरांनी त्यांना फिनेलसाहेब असं नाव ठेवलं होतं. बाजाराच्या दिवशी ते पिशवीत फिनेलची बाटली घालून निघत. चिरून ठेवलेलं कलिंगड, माश्या बसलेली जिलबी, उघडं दिसेल त्याच्यावर शिंपडत आणि न थांबता पुढं जात. शिव्या मागं राहायच्या. एका जिलबीवाल्यानं कंटाळून शेवटी जाळीचं कपाट करून घेतलं आणि मोठ्या आशेनं साहेबांना दाखवायला आणलं. साहेबांनी ते सगळीकडून फिरवून पाहिलं आणि जाळीला एका कोपऱ्यात भोक आहे एवढंच सांगितलं.

मी त्यांच्या हाताखाली आरोग्य निरीक्षिका होते. लोक मला नर्सबाई म्हणत. मी नर्स नाही हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण नर्सबाई काही सुटलं नाही. मी मूळची मानवतची. वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. त्यांनी सगळ्या भावकीचा विरोध अंगावर घेऊन मला हैदराबादला शिकायला धाडलं होतं. घरोघर जायचं, बाळंतिणी तपासायच्या, पोरांना देवीची लस टोचायची आणि पाणी, माश्या, उकिरडा यांवर बायकांचं डोकं खायचं, हे माझं काम. स्वभाव माझाही काही गरीब नव्हता. पहिल्याच दिवशी कचेरीत जाऊन मी साहेबांना विचारलं की मी बसू कुठं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी झोपायला गादी मागितली होती.

‘बसायला आलात का, बाई?’

खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर ब्लीचिंग पावडरचं पोतं बसलेलं होतं. साहेब कधीच बसत नसत. सही उभ्यानं करत, डबा उभ्यानं खात, कलेक्टर आले तरी उभ्यानंच बोलत, त्यामुळे बिचाऱ्या कलेक्टरांनाही उठावं लागे. साठलेलं पाणी आणि बसलेला माणूस, दोन्ही सडतात, हे त्यांचं म्हणणं. नगरपालिकेनं त्यांना सायकल दिली होती. ती ते हातात धरून चालत न्यायचे. सायकलवरून गटार नीट दिसत नाही, असं कारण सांगत. मग ती नेताच कशाला, असं मी एकदा विचारलं. सरकारी वस्तू कचेरीत ठेवली तर कुणीतरी चालवील आणि मोडील, म्हणाले. अशा माणसाशी भांडायला काही धरायला सापडत नाही.

त्या वर्षांत सगळी कचेरीच पाय पोळल्यासारखी वागायची. जुनी कागदपत्रं उर्दूत, वरून येणारे हुकूम इंग्रजीत, लोकांचे अर्ज मराठीत. कारकून मंडळी निम्मा दिवस एकमेकांना विचारून लिहायची. त्यात हैदराबाद राज्य मोडणार, आपला जिल्हा मुंबईत जाणार, कुणाची बदली कुठं होणार, याच्या रोज नव्या बातम्या. जो तो आपली खुर्ची घट्ट धरून बसलेला, आणि ज्याला खुर्चीच नको असा हा एकटा माणूस. साहेब हैदराबादचे, घरी मराठी बोलणारे, शिक्षण सगळं उर्दूतलं. त्यांना आज ना उद्या परत बोलावणार हे नक्की होतं. म्हणून त्यांना प्रत्येक कामाची घाई असे. मलाही ती घाई चिकटली. मी जेवता जेवता उठायला लागले, तशी आई म्हणाली की पोरीला त्या सायबाचं वारं लागलं.

पण लोकांना त्यांचा खरा राग होता तो फिनेलचा नव्हे. ते कुणाच्या घरचं पाणी पीत नसत.

आमच्या मुलखात दारात आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. मग बोलणं. दुष्मन आला तरी पाणी विचारतात. साहेब मात्र हात आडवा करून ‘नको’ म्हणत. खांद्याला पट्ट्याची बाटली असे, तिच्यात घरून उकळून आणलेलं पाणी. ब्राह्मण आळीत नको, लिंगायतांच्या गल्लीत नको, मोमीनपुऱ्यात नको, महारवाड्यात नको. प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्यालाच हलका समजतो. त्यांची जात कोणती हे कोडं गावाला शेवटपर्यंत सुटलं नाही. निदान तांब्या ओठाला लावल्यासारखं करा, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं. लावतो म्हणायचे आणि पुढच्या घरात पुन्हा हात आडवा.

‘बाई, मी माणसाला भीत नाही,’ ते म्हणाले, ‘पाण्याला भितो.’

त्यांच्या भीतीला कारण होतं. नारू. आजच्या पोरांना हा शब्द सांगावा लागतो, ही किती चांगली गोष्ट आहे. पाण्यात डोळ्याला धड दिसणार नाहीत असे ठिपक्याएवढे किडे असतात. त्यांच्याबरोबर नारूचं बी पोटात जातं आणि साधारण वर्षभर माणसाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस पायावर फोड येतो, विस्तव ठेवल्यासारखी आग होते आणि फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा, हात-दीड हात लांब जंत बाहेर यायला लागतो. तो ओढायचा नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा. आत तुटला तर पाय सुजतो, पिकतो, कायमचा आखडतो. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस बाजेवर आडवा पडायचा, आणि असा एखादा प्रत्येक गल्लीत असायचा.

आमच्या गावात पाणी भरायला बारवा होत्या. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बायका पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहून घागर बुडवत. ज्याच्या पायाला नारू तोही आग शमवायला त्याच पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडून बसे, आणि फोडातलं सगळं बी पाण्यात जाई. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचं तेव्हा तर विचारूच नका. साहेबांचं म्हणणं साधं होतं. पायऱ्यांवर भिंत घाला, वर कठडा बांधा, रहाट बसवा, दोरानं पाणी ओढा. पाय पाण्याला लागला नाही की नारू संपला. तोवर जाड फडक्याची दुहेरी घडी करून पाणी गाळून प्या. गाळायचं शिकवणं माझ्याकडं होतं. मी दारात दिसले की बायका फडकं काढायच्या. माझी पाठ वळली की त्याच फडक्यात भाकरी बांधायच्या.

औषधावर तर कुणाचा विश्वासच नव्हता. त्याला साहेबांची घाई कारण झाली. मी येण्याच्या आदल्या वर्षी कॉलऱ्याची आवई उठली, तेव्हा त्यांनी पहाटे कुणाला न सांगता लिंगायतांच्या गल्लीतल्या बारवेत लाल औषध टाकलं. उजाडल्यावर बायका घागरी घेऊन उतरल्या तर पाणी गुलाबी. रझाकारांचे दिवस लोक अजून विसरले नव्हते. कुणीतरी रक्त म्हणालं, कुणीतरी विष म्हणालं, आणि सगळी गल्ली पंधरा दिवस दूरच्या मळ्यातून पाणी वाहत राहिली. साहेब दारोदार फिरून सांगत होते की औषध आहे. लोक दारं लावून घेत होते.

त्या गल्लीचे मोठे म्हणजे आप्पा. सरकीचे व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं हळू आणि एकदा बोललेलं मागं न घेणारं. पायऱ्या बुजवायचं साहेबांनी काढलं तेव्हा गल्ली आप्पांच्या ओसरीवर जमली. आप्पांनी सांगितलं की बारवेच्या कोनाड्यात महादेव आहे, बाळंतीण बाराव्या दिवसानंतर पायरी उतरून जळाची पूजा करते, पायरीला कुंकू लावते. पायऱ्याच गेल्या तर तिनं कुंकू लावायचं कुठं? मला वाटलं, साहेब आता फाडकन काहीतरी बोलणार. ते ओसरीसमोर येरझारा घालत होते. थांबले आणि म्हणाले, कोनाड्यापर्यंतच्या वरच्या पायऱ्या देवाला आणि बाळंतिणीला ठेवू, भिंत त्याच्याखाली घालू. तोडगा चांगला होता. दोन-तीन बायांनी तर मान हलवली.

आप्पांनी त्या बायांकडं एकदा पाहिलं. मग बोलले, आणि भांडण पायऱ्यांचं नव्हतंच हे तेव्हा मला कळलं.

‘साहेब, माझ्या लेकीच्या लग्नात तुमी माझ्या घरचं पानी घेतलं न्हाई. सगळ्या वऱ्हाडाम्होरं हात आडवा केला. जो माणूस आमचं पानी पेत न्हाई, त्याच्या सांगण्यावरून आमी आमच्या देवाच्या पायऱ्या बुजवाव्यात व्हय? ह्याच बारवेचं तांब्याभर पानी हितं उभं राहून प्या. औषध टाकायचं न्हाई, उकळायचं न्हाई, गाळायचं न्हाई. मग खुशाल बांधा भिंत.’

ऐन उन्हाळा होता. तळाला गेलेलं हिरवट पाणी, आणि त्यात सकाळीच दोन नारूवाले पाय सोडून बसलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. मी सगळ्यांसमोर ओरडले की साहेब, हे पिऊ नका. आप्पांच्या सुनेनं तांब्या भरून आणला. साहेबांनी तो उन्हात धरून आत पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. मिशी पुसली.

‘बाई,’ ते मला म्हणाले, ‘माझा एक पाय आणि ह्या गल्लीतले सगळे पाय. हिसाब सीधा है.’

आणि घटाघटा तांब्या रिकामा केला. आप्पांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी गल्लीतली तरणी माणसं स्वतः विटा वाहत होती. साहेबांच्या मिशा झाडूएवढ्या दाट. नारू त्यांच्यातच अडकून मेला असेल, असं म्हणून आम्ही कचेरीत हसलो. मी हसले खरी, पण मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही.

माझा राग बरोबर होता, कारण पुढं जे झालं ते आमच्या गावातच होऊ शकतं. आप्पांच्या गल्लीचं पाणी साहेबांनी घेतलं, ही बातमी गावभर झाली. मग माळ्यांच्या गल्लीतली माणसं आली. भिंत घालायला त्यांची काही हरकत नव्हती, पण लिंगायतांचं पाणी चालतं आणि आमचं चालत नाही का, असा त्यांचा सवाल होता. साहेबांनी तिथंही तांब्या घेतला. त्यांच्यानंतर ब्राह्मण आळी, मग मोमीनपुरा. पाणी पाजणं हा मानच होऊन बसला. काही ठिकाणी तर साहेबांना फेटा बांधून, शेजारी ताशा वाजवून पाणी पाजलं. ज्या पाण्यानं माणूस पांगळा होतो तेच पाणी पाहुणचार म्हणून हौसेनं पुढं केलं जात होतं, आणि हा वेडा पीत होता. महारवाड्यात कुणी अट घातली नाही. तिथले लोक कठडा मागून मागून थकलेले होते, त्यांनी दगड आधीच आणून ठेवले होते. पण गर्दीत कुणीतरी पुटपुटलं की आमचं कोण पेतंय. साहेबांनी ते ऐकलं. आधी विहिरीभोवतीच्या चिखलावरून सगळ्यांना झापलं आणि मग तांब्या मागून घेतला.

गावाच्या टोकाची एकच बारव राहिली. तिच्याजवळ लिंबाखाली गयाबाई नावाच्या म्हातारीची पाणपोई होती. तिचा एकुलता एक मुलगा नारूनं पाय आखडून अंथरुणाला खिळला आणि त्यातच गेला. त्याच्या नावानं ती दर उन्हाळ्यात बारवेचं पाणी वाहून रांजण भरी आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत ओती. ताडकळसच्या वाटेचे गाडीवान, बाजारकरी, सोनपेठकडचे ऊसतोडीहून परतणारे लोक, सगळे तिच्याकडं थांबत. तिनं कुणाला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांना ती म्हणाली होती की साऱ्या वाटसरूंनी माझं पाणी पेलं, तू तेवढा राहिलास. साहेब तयार होते. मीच काहीबाही कारणं काढून गवंड्याला अडकवून ठेवलं. तेवढ्यात मृग लागला, बारव भरली, आणि काम पुढच्या उन्हाळ्यावर गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब पायाला पट्ट्या बांधून यायला लागले. विचारलं तर म्हणाले, खरूज. मी पट्टी सोडायला लावली. घोट्याच्या वर फोड फुटला होता आणि त्यातून पांढरा दोरा डोकावत होता.

मला रडू आलं. रडतारडता मी त्यांना इतकं बोलले की कारकून दाराशी जमा झाले.  मग मी बांबूची कामटी घेतली, जंताचं टोक तिला गुंडाळलं, वरून पट्टी बांधली आणि सांगितलं की आता हालायचं नाही. जंत तुटला तर पाय जाईल. बसून राहायचं. खुर्चीवरचं पोतं मी स्वतः ओढून खाली टाकलं.

एक दिवस बसले. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. मी धावत बाहेर आले तर नगरपालिकेच्या कचऱ्याच्या बैलगाडीत साहेब बसलेले, पाय लांब करून उशीवर ठेवलेला, शेजारी पाण्याचं घमेलं, आणि गाडी गटारांच्या फेरीवर निघालेली. मी आडवी गेले. बसा म्हणालात, बसलोय की, असं म्हणून त्यांनी गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं. ती वरात गावात रोज निघायला लागली. आग सहन होईना की ते पाय घमेल्यात बुडवत आणि ते पाणी बारवांपासून दूर, तापल्या मुरमावर स्वतःच्या डोळ्यांदेखत ओतायला लावत. कुठल्याही विहिरीच्या जवळ ते गाडीतून उतरले नाहीत. आठवड्याभरात दुसऱ्या पायावरही फोड आला.

आप्पा रोज कचेरीच्या दारात येऊन उभे राहत आणि परत जात. एकदा मी सुनावलं, झालं का समाधान? ते म्हणाले, ‘बाई, आमाला मान पायजे हुता. मानाची किंमत ही असंल हे कुनाला ठावं?’ त्या वर्षी आप्पांच्या गल्लीत नव्यानं कुणालाही नारू निघाला असता तरी तो जुन्या पाण्याचाच असता. भिंतीचा गुण पुढल्या वर्षी दिसायचा होता. साहेबांना तो दिसणार नव्हता. राज्याच्या फेररचनेचा हुकूम जवळ आला होता आणि त्यांना हैदराबादला परत यायला कळवलं होतं. गेल्यावर ते मला पुन्हा कधी भेटले नाहीत. पाय नीट झाले की नाही हेही मला कळलं नाही, आणि ही रुखरुख अजून आहे.

जायची वेळ आली म्हणून त्यांचा जीव त्या शेवटच्या बारवेत अडकला होता. नवा अधिकारी तिकडं ढुंकूनही बघणार नाही हे त्यांना माहीत होतं. मृगाच्या आधी एका दुपारी गाडीत विटा भरल्या, गवंडी बरोबर घेतला आणि साहेब विटांच्या शेजारी दोन्ही पाय पुढं करून बसले. मी गाडीबरोबर चालत होते. वाटेत मी सांगून पाहिलं की एकदा अंगावर घेतलंत ते पुरे, तिला मी समजावते. शब्द दिलाय, एवढंच म्हणाले.

गयाबाई लिंबाखाली रांजणाजवळ होती. साहेबांनी गाडीतूनच हाक मारली आणि हात पुढं केला. म्हणाले, मावशी, राहिलेलं पाणी प्यायला आलो. ती खुशीत उठली, तांब्या बुडवला, पदरानं बाहेरून पुसला आणि गाडीजवळ आली. तिथं आल्यावर तिला ते पाय दिसले. एका पायाची पट्टी सैल झाली होती आणि कामटीला गुंडाळलेला पांढरा दोरा उघडा पडला होता. तो काय आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

‘मागल्या साली तू समद्या बारवांचं पानी पेलास म्हनं.’

‘हौ, मावशी.’

‘आन औंदा हे निघालं.’

‘हौ.’

ती तांब्या धरून उभी राहिली. आम्ही वर्षानुवर्षं ओरडून सांगत होतो की हे पाण्यातून येतं, आणि ते तिनं माझ्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. तिनं मान डोलवली होती आणि रांजण भरले होते. आता ती एकदा त्या पायांकडं बघे आणि एकदा तांब्याकडं. साहेबांचा हात अजून पुढंच होता.

‘न्हाई देत म्या,’ ती म्हणाली.

साहेब म्हणाले की मी कबूल केलंय, द्या. तिनं तांब्या जमिनीवर उपडा केला. मग मागं फिरून रांजणाला दोन्ही हात लावले आणि तो कलंडवला. पाणी लिंबाच्या बुडख्याभोवती पसरलं. ‘बांध तुझी भिंत,’ म्हणाली आणि तिथंच ओल्यात बसली.

गवंडी विटा उतरवायला लागला, तेव्हा ती गाडीचं चाक धरून पुन्हा उठली. साहेबांच्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं,

‘माझ्या लेकाच्या नावानं पाजत हुते रं म्या. किती जनाला पाजलं आसंल हे?’

भरल्या पंगतीत मठ्ठा ओतायला लावणारा हा माणूस. पाण्याबद्दल खोटं बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. वरच्या साहेबांची भीड त्यानं ठेवली नाही, लग्नघरची ठेवली नाही. रांजणात ठेवल्यानं नारू मरत नाही, हे मला घोकून घोकून शिकवलं होतं ते त्यानंच.

‘मावशी, रांजणात पाणी निवळतं,’ साहेब म्हणाले. ‘नारू तळाला बसून मरतो. तुमच्या हातच्या पाण्यानं कुणाला काही झालेलं नाही. बारवेत उतरून प्याले त्यांनाच झालं.’

म्हातारीला ते पटावंसं फार वाटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण साहेब परगावचे, जाणारे. तिनं माझ्याकडं मान वळवली.

‘खरं का गं, नर्सबाई?’

‘खरं हाय, मावशी,’ मी म्हणाले, आणि गवंड्याला हाक मारली.